नेम माझा, हात वसंताचा

"तू नुसतं तोंडानं सांग. मारील वसंता."

सर ओसरीवरून म्हणाले. ओसरीवर कॅरम मांडलेला. भोवती माझ्याच वर्गातली चार पोरं. खाली पायरीवर मी, महारवाड्यातला.

इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. संवेग आणि टकरी यांची उजळणी सर कॅरमवर घेत. गणित घालायचे, ज्याची पाळी त्यानं आधी उत्तर सांगायचं, मग सोंगटीवर सोंगटी मारून दाखवायची. माझ्या पाळीला मारायचा वसंता, वकिलांचा मुलगा.

निजाम गेला, आता आपलं राज्य आलं, असं सर वर्गात तळमळीनं सांगत. ते राज्य त्यांच्या ओसरीवर चढलं नव्हतं. पण सर माझ्याकडून फी घेत नसत. स्वतःचं पुस्तक वाचायला देत. ते उपकार मी आजही मानतो. त्या उपकारांनीच माझं तोंड शिवलं होतं.

त्या दिवशी गणित आलं : थांबलेल्या सोंगटीवर तेवढ्याच वजनाची सोंगटी तिरकी आदळली, तर?

"दोन्ही एकमेकींशी काटकोनात पळतील," मी म्हणालो.

वसंतानं मुद्दाम तिरकी न मारता समोरासमोर मारली. पहिली जागीच थांबली, दुसरी सरळ पळाली.

"कुठाय रं तुझा काटकोन? पायरीवर सांडला का?"

पोरं खिदळली. मी सरांकडं पाहिलं. त्यांना वसंताची लबाडी दिसली होती.

"असू दे," ते म्हणाले. "पुढचं गणित."

असू दे. कसं असू द्यायचं? पायरीवर बसवेना. उठलो. ओसरी चढलो. सोंगटी उचलली आणि मारली.

चुकली. जन्मात पहिल्यांदा कॅरमला हात लावत होतो. सोंगटी कडेला आपटून नुसतीच फिरली. पण आता कुणी हसलं नाही.

"अरे, आई आत आहेत माझ्या!" सर दबक्या आवाजात ओरडले. "खाली उतर आधी."

"सर, अजून एकदा मारू द्या. चुकलं तर माझ्या हातानं चुकू द्या."

आतून म्हातारीचा आवाज आला, "पाणी शिंपडा रे त्या कॅरमवर."

वसंता उठला नाही. सर उठले. तांब्या आणला आणि स्वतःच्या हातानं शिंपडलं. कॅरमवरच्या पावडरीचा चिखल झाला. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

पुस्तक पायरीवर ठेवून मी निघालो.

घरी बापाला सांगितलं. तो हबकला. "सरांचे पाय धर, लेकरा. परीक्षेपुरतं तरी. फुकट शिकवत्यात तुला."

"न्हाय जायचं मला."

"मग शिकवील कोण?"

टकरींची निम्मी गणितं राहिली होती, पुस्तकही हातचं गेलं होतं. जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. पण एक गोष्ट पक्की होती, ती बापाला सांगून टाकली :

"परीक्षा बुडाली तर बुडू दे, पुढल्या साली बसेन. पण जिथं माझा हात चालत न्हाय, तिथं माझं डोकं मी नेणार न्हाय."