काम कोणाचे, ते आधी विचारा

खारघरच्या आमच्या महाविद्यालयात मी नवा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या श्रीमती म्हात्रेबाईंनी मला वेड्यात काढले. दोन तास चालणारे काम सुरू करून मी टर्मिनलची खिडकी बंद केली नि चहाला गेलो. परत येतो तो काम मेलेले. बाई म्हणाल्या, "सर, खिडकी मिटली की तिच्यातलं कामही जातं. आदेशाच्या आधी 'नोहप' लिहा, शेवटी ॲम्परसँडचं (&) चिन्ह टाका, म्हणजे खिडकी मिटली तरी काम मागे चालू राहतं, मग खुशाल चहाला जा." मग शेजारी बसून काम मागे ढकलणे, पुन्हा पुढे आणणे, थांबवणे, सगळे त्यांनी शिकवले.

आता बाईंच्या साठीनिमित्त सत्कार आहे, आणि त्याच्या गौरवसमितीने मला पत्र धाडले आहे: 'बाईंच्या प्रेमळ स्वभावाविषयी लिहा.' बाई प्रेमळ आहेतच. पण साठाव्या वर्षी एवढेच आठवावे? मला संताप आला आहे, आणि तो झाकून लिहिणे मला जमणार नाही.

सर्व्हरच्या खोलीत बाईंनी एक फळा टांगला होता. लांबलचक काम मागे सोडणाऱ्याने त्या कामाचा क्रमांक, आपले नाव आणि ते कधी संपेल हे खडूने लिहायचे. त्याला विचारल्याशिवाय ते काम कोणी मारायचे नाही, प्राचार्यांनीही नाही. मारायचेच झाले तर साधा 'किल' हा आदेश द्यायचा, म्हणजे प्रोग्रामला आवरून घ्यायला सवड मिळते. 'किल वजा नऊ' म्हणजे थेट मान मुरगळणे. बाईंच्या या शिस्तीला आम्ही मागे हसत असू.

एकदा बाई रजेवर असताना तपासणी समिती यायची होती आणि सर्व्हर रखडत होता. तेव्हाचे प्राचार्य गरजले, "चाललंय ते सगळं बंद करा!" फळ्यावर उरणकडच्या कोळीवाड्यातल्या एका विद्यार्थिनीचे नाव होते. खाडीच्या भरती-ओहोटीचे तिचे गणित सहा दिवस चालू होते, आणि दोन दिवसांनी प्रकल्प द्यायचा होता. साधा किल दिला असता तर झालेले काम जतन झाले असते. बाईंनी तिच्याकडून तशी सोय करून घेतली होती. पण घाई! किल वजा नऊ, आणि सहा दिवस पाण्यात. तो आदेश टाइप करणारे बोट माझे होते.

दुसऱ्या दिवशी रजेवरून परतताच बाईंनी मला गाठले. रागावल्या की त्यांच्या तोंडी गव्हाण गावची बोली येते. "फळ्यावर नाव हाय ना तिचं? मंग इचारलंस का तिला? नाय ना?" 'सर'वरून मी 'तू'वर आलो होतो, आणि ते योग्यच होते. त्याच दिवशी बाईंनी भांडून मुलीला मुदत वाढवून घेतली. काम नव्याने संपेपर्यंत त्या रोज तिच्याशेजारी बसल्या. डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी दोघींत वाटली जाई.

आणि बक्षीस काय मिळाले? 'सर्व्हरवर बेजबाबदारपणे कामे चालू ठेवली' असा ठपका बाईंच्या सेवापुस्तिकेत बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या ठपक्यापायी त्यांची पदोन्नती हुकली. बाईंनी माझे नाव घेतले नाही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते, म्हणून मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरे काही नाही.

तो ठपका अजून तिथेच आहे, आणि त्यावर आपण शाल पांघरायला निघालो आहोत! काल मी व्यवस्थापनाला सहीनिशी लिहून दिले: किल वजा नऊ मी टाइप केले, बाई रजेवर होत्या, आधी ठपका काढा. बाईंना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, आता कशाला? तुमची निवृत्ती जवळ आलीय." अजूनही त्यांना काळजी माझीच!

बाई, आपणांस निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. आपली तब्येत ठणठणीत राहो आणि डाग पुसलेली सेवापुस्तिका आपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचाल एवढे तरी आम्हांकडून घडो. सत्काराच्या दिवशी मी आपल्याला हार घालणार नाही. मंचावर येऊन हा लेख सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि मग आपली माफी मागणार आहे.