सासऱ्यांच्या नावाचं लाइट बिल

मला राग आला की तो लपत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, की हा राग अजून उतरलेला नाही.

लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत मी बावीस वर्षं दिवाळीचा फराळ करून विकत आले. नवऱ्याची नोकरी सुटली त्या वर्षी सुरुवात केली, त्यांना दुसरी लागली तरी थांबले नाही. गिऱ्हाईक ओळखीचं, हिशेब डोक्यात, पैसे पर्समध्ये. दिवाळीला साठ-सत्तर डबे जायचे. मग गेल्या गणपतीत एका गिऱ्हाइकाच्या मुलीने माझी चकली तिच्या ऑफिसात नेली आणि तिथून निरोप आला, स्टाफसाठी तीनशे डबे हवेत. अट एकच: जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल. नंबर सर्वपित्रीपर्यंत कळवा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देऊ.

तीनशे डबे! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दादरला एक सीए मुलगी आहे, तिच्याकडे गेले. मला वाटलं, नंबर घेऊन परत येऊ. तिने कराचं नावच काढलं नाही. म्हणाली, "काकू, गेल्या दिवाळीत चकली किती किलो केली?"

"चाळीस."

"विकली किती?"

"अठ्ठावीस."

"मग बारा किलो कुठे गेली?"

आता कुठे गेली म्हणजे काय? घरी खाल्ली, शेजाऱ्यांना ताटं गेली, डोंबिवलीला धाकट्या दिरांकडे मोठा डबा गेला. मुलगी म्हणाली, "त्याला उचल म्हणतात. मालकाने धंद्यातला माल घरासाठी घेतला तर तोही वहीत लिहायचा. नाहीतर सुटलं किती, हे तुम्हाला कळणार कसं?" मला रागच आला. दिवाळीची ताटं काय वहीत मांडायची असतात? पण घरी येऊन बोटांवर मोजलं. दिरांचा डबा एकट्याचाच चार किलोंचा निघाला. तो बावीस दिवाळ्या जातोय. दुसऱ्याच दिवशी मी वही आणली.

तिने धंद्याचं बँकखातं वेगळं काढायला लावलं. तुपाची, बेसनाची बिलं जपून ठेवायला शिकवलं. मग फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: धंद्याची जागा. पुरावा जोडा. मी मोठ्या दिमाखात लाइट बिल काढून दिलं. एकही महिना थकवलेला नाही, स्वतः भरते. तिने वाचलं आणि विचारलं, "हे नाव कोणाचं?"

"सासऱ्यांचं."

"मग त्यांचं संमतीपत्र लागेल."

"त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली."

तिने पेन खाली ठेवलं. भाडेपावतीही त्यांच्याच नावावर. म्हणजे आता दोन वारस, माझा नवरा आणि दीर, दोघांच्या सह्या हव्यात.

मला सांगा, सासऱ्यांचं शेवटची दोन वर्षं अंथरुणातलं सगळं कोणी केलं? त्या खोलीचं बिल कोण भरतं, भाडं कोण नेऊन देतं? मी. आणि जागेचा पुरावा मागितला की भिंतीवर हार घातलेला माणूस चालतो, त्याच भिंतीपाशी बावीस वर्षं तळण काढणारी बाई चालत नाही. नाव बदलून घ्या, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण त्यासाठी घरमालकाच्या हातावर पैसे ठेवायचे आणि दोन भावांनी समोरासमोर बसून बोलायचं. दोन्ही राहून गेलं.

संमतीपत्र पानभराचंही नव्हतं. या जागेत या बाईने फराळाचा धंदा करायला आमची हरकत नाही, एवढंच. खोलीच्या हक्काबद्दल एक अक्षर नाही. खाली सह्यांसाठी दोन रेघा. मी नवऱ्यापुढे धरलं तर म्हणतात, "आधी त्याची होऊ दे, मग मी करतो."

रविवारी दीर आले. जेवले, सोलकढी दोनदा घेतली, कागद तीनदा वाचला. मग म्हणाले, "वयनी, माझो विश्वास आसा हो तुमच्यावर. पण उद्या बिल्डर इलो तर? कागद तो कागद."

"भाऊजी, यात खोली माझी असं कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखवा."

"तसा नाय, वकिलाक दाखवतंय एकदा." आणि घडी घालून कागद खिशात टाकला.

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. लागला तर मीटिंगमध्ये. पितृपक्षातले दिवस एकेक करून संपत होते. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी बोला. हे म्हणाले, "कशाला वाईटपणा घ्यायचा? एक दिवाळी गेली तर काय बिघडतं?"

मला दिरांचा जितका राग आला नाही तितका तेव्हा यांचा आला. दीर निदान तोंडावर बोलले. यांनी माझी दिवाळी परस्पर देऊन टाकली, आणि तीही टीव्हीवरून नजर न काढता.

चार दिवस उरले असताना मी भाजणी दळायला चक्कीवर गेले. चक्की चालवणाऱ्या मावशींना माझं नावही धड माहीत नव्हतं, भाजणीवाली म्हणून ओळखायच्या. या वर्षी किती किलो, असं त्यांनी विचारलं आणि मी त्या घरघराटात ओरडून ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी चक्की बंद केली.

"मागची खोली रिकामी आहे. भाडं दे आणि बस तिथे."

"मावशी, तुमची सही लागेल. लाइट बिल पण."

"मग आण की कागद. बिल माझ्याच नावावर आहे. आमचे मालक वारले त्याच महिन्यात पहिलं काम ते केलं मी."

दुसऱ्या दिवशी कागद नेला. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी ओळीखाली बोट धरत पूर्ण वाचला आणि सही केली. परत येताना मला भर रस्त्यात रडू आलं, आणि ते अपमानाचं होतं. जे घरात मागून मिळालं नाही ते मी चक्कीवरून आणलं होतं.

नंबर वेळेत आला. नवरात्रापासून मी, माझी मोठी शेगडी आणि दोन मदतनीस बायका चक्कीच्या मागे. तीनशे डबे गेले. चक्कीच्या दारावर माझ्या नावाची आणि नंबरची पाटी लागली, नियमच आहे तसा.

भाऊबीज आटोपून दीर सहकुटुंब आले. बसता बसता म्हणाले, "वयनी, आमचो डबो?" मी डबा ठेवला आणि त्यावर बिल ठेवलं. वजन, दर, कर, एकूण. सीए मुलीने सांगितलं होतं, घरच्यांचा डबा उचल म्हणून लिहिला तरी चालेल. मला चालणार नव्हतं.

"घरच्यांक बिल?" ते हसले. नवरा म्हणाला, "अगं, काय हे!"

मी म्हटलं, "भाऊजी, ही खोली बाबांची. पण चकली माझ्या धंद्यातली आहे आणि धंदा चक्कीमागे आहे. तिथून फुकट काही निघत नाही."

जाऊ बघत होती, म्हणून त्यांनी फोन काढून पैसे पाठवले. मी बिलाची माझी प्रत पुढे केली. "माल मिळाल्याची सही." त्यांनी एका हातात फोन धरूनच माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. वाचलंसुद्धा नाही. दोन सेकंद लागले असतील. ती सही माझा नवराही बघत होता. आमची नजरानजर झाली तसे हे पाणी प्यायला उठले.

ते बिल मी फाइलीत लावलं. त्याच्या मागे त्या संमतीपत्राची दुसरी प्रत आहे, मी घरात ठेवली होती ती. खाली दोन रेघा, दोन्ही कोऱ्या. एक दिरांची, एक आमच्या ह्यांची. सीए मुलगी फाइल चाळताना म्हणाली, "काकू, हा कागद आता लागणार नाही, काढून टाकू?"

राहू दे, म्हटलं.