पाण्यावर आडवी पडलेली लवंग

मैनाबाई मसाला कुटायला बसली की अख्ख्या गल्लीला ठसका लागायचा, आणि ठसकणारेच दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन तिच्या दारात उभे. चौऱ्याहत्तर साली नागपूरजवळच्या खापा गावातल्या एका लग्नातल्या रश्शाचा मसाला तिच्याकडे आला. एवढं मोठं काम पहिलंच. जमलं तर तिचं नाव नागपूरबाहेर जाणार होतं. फसलं तर गल्लीतलंही राहणार नव्हतं.

घरचा हातमाग त्या वर्षी बंद पडला होता. नवरा गोविंदराव दिवसभर रिकाम्या मागाशी बसायचा आणि विचारेल त्याला सांगायचा, "सूत स्वस्त झालं का चालू करतो." बायकोच्या मसाल्याला तो चुलीपाशचे धंदे म्हणायचा. ते तिला फार लागायचं. त्या दिवशी मात्र तो आपण होऊन म्हणाला, "इतवारीच्या बाजारातून लवंग मी आणतो वं." तिला इतकं बरं वाटलं की सोबत जायचं तिला सुचलंच नाही.

आणि त्यानं लवंग आणली ती कोष्ट्यानं सूत निवडावं तशी! बोटांत चोळून, उन्हात धरून, सगळ्यांत गुळगुळीत, चकचकीत.

मैनाबाईनं चार लवंगा पाण्याच्या वाटीत टाकल्या. उमरेडला आईनं शिकवलेली पारख होती ती. चांगली लवंग बुडते, नाहीतर डोकं वर काढून उभी राहते. या चारही आडव्या पडल्या आणि पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"अर्क काढून घेतला हिचा. वरून तेल चोळलं," ती म्हणाली.

"इतक्या मसाल्यात एक लवंग कोणाले समजते?"

"मले समजते. चला दुकानात."

"काहून माहा तमाशा करून राहिली?"

"तुमचा नाही, त्याचा. चला म्हटलं ना!"

लवंग परत घ्या म्हटल्यावर दुकानदार ताराचंदशेठ आधी हसला. "बाई, लवंग जंगबारची. समुद्र ओलांडून येते. वाटेत वास थोडा जाणारच."

"दालचिनी सिलोनची, तेही समुद्रापलीकडचीच. तिचा वास काहून नाही गेला, शेठ?"

तिनं त्याच्याच माठातलं पाणी पेल्यात घेतलं, पेला गल्ल्यापुढे ठेवला आणि लवंगा टाकल्या. गिऱ्हाइकं माना वाकवून बघू लागली. शेठचं हसू मावळलं. त्यानं आतला डबा काढला. त्यातली लवंग तळाशी गेली तेव्हाच मैनाबाईनं पिशवी पुढे केली.

आता शेठला कुणावर तरी उलटायचं होतं. तो गोविंदरावाकडे वळला. "काय बुवा, बाई बाजार करते, मग तुम्ही काय करता? माग जोरात दिसतो!"

मैनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आता नवरा सगळ्यांदेखत सुताची तीच थाप मारणार, किंवा राग तिच्यावर काढणार.

गोविंदरावानं पिशवी आपल्या हातात घेतली.

"माग बंद झाला, शेठ," तो म्हणाला. "आता मी इच्यापाशी काम शिकून राहिलो."