दोन वजा

तिला सगळे टेपबाई म्हणत. महिन्याच्या पंधरा आणि तीस तारखेला, शेतांतले पंप सुरू व्हायच्या आत, ती पाणी समितीच्या विहिरीवर जायची. टेपच्या टोकाला जडसा नट बांधलेला. तो पाण्याला टेकला की हाताला कळायचं. मग काठाशी आलेला आकडा वाचायचा आणि गोदामाच्या फळ्यावर लिहायचा. गावाचा नियम त्या फळ्यावर चालायचा: पाणी बारा मीटरच्या खाली गेलं की नवी बोअर नाही.

एकदा विहिरीच्या लोखंडी पायरीत टेप अडकली आणि खालचे दोन मीटर तुटून पाण्यात गेले. तिच्या नवऱ्याने उरलेल्या टेपला नवा नट बांधून दिला. तो मोटारी दुरुस्त करायचा, हाताला काम करायची सवय. "आता आकडा दोनने जास्त येईल, तेवढे वजा कर," तो म्हणाला. ती वजा करू लागली. वाचायचं चौदा, लिहायचं बारा. इतकं अंगवळणी पडलं की देवाचं नाव घ्यावं तसं ओठांवर यायचं: दोन वजा.

पुढच्याच वर्षी पावसाळ्यानंतर फळ्यावर दहाचा आकडा लागला. पाणी दोन मीटर वर आलं होतं. गावाने तीन महिने खपून माळावर चर खणले होते, त्याचं चीज झालं म्हणून माणसं हरखून गेली. समितीने टेपबाईला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आणि सहा नव्या बोअर मंजूर केल्या.

तिचा नवरा तेवढा म्हणायचा, "पाणी वर आलंय म्हणता, मग मोटारी खाली सोडायला मला का बोलावता?" सगळे हसायचे. तीही हसायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या मोठ्या जावेच्या विहिरीचा तळ दिसला. टेपबाईनेच सांगितलं, "पाणी तर वाढलंय, ताई. तुमचा झरा बुजला असेल. गाळ काढून बघा." जाऊ आणि भाऊजी पंधरा दिवस विहिरीत उतरून गाळ उपसत राहिले. पाणी आलं नाही. भाऊजींची कंबर धरली ती धरलीच.

अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी अंगणात कपडे वाळत घालायला तार बांधायची म्हणून तिने तीच टेप काढली. अंतर भरलं सात मीटर. सवयीने दोन वजा करून दुकानातून पाच मीटर तार आणली. एक टोक खांबाला बांधलं, तर दुसरं समोरच्या खांबाच्या दोन मीटर अलीकडेच संपलं.

नवरा ओट्यावर बसून हसू लागला. "वजा कशाला केलंस? टेप पुरी आहे की. दोन मीटर दोरी नव्हती का जोडली मी खाली?"

"कधी?"

"झाली तीन वर्षं. सांगितलं होतं तुला. धान्य निवडत होतीस, हो हो म्हणालीस."

तिने टेप उलगडली. खाली दोरी होतीच. ती दर खेपेला हाताखालून जात होती आणि टेप तुटलेली आहे म्हणून बांधलेली, एवढंच तिच्या डोक्यात. कालच तिने फळ्यावर अकरा लिहिलं होतं. म्हणजे तेरा. दुसऱ्या दिवशी बैठक होती आणि चार नव्या बोअरचे अर्ज आले होते.

नवऱ्याचं हसू मावळलं. "झालं ते झालं," तो हळूच म्हणाला. "दर महिन्याला थोडंथोडं खाली आण. कुणाला कळणार नाही."

"देवाला कळलंय."

"देव काय समितीवर आहे?"

तिने हातपाय धुतले, देवापुढे उभी राहिली. पण मागायला तोंडच होईना. तशीच चप्पल घालून जावेकडे गेली.

जाऊ एका बादलीत सगळी भांडी धूत होती. टेपबाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे झरा बुजला नव्हता," जाऊ म्हणाली.

"नाही, ताई."

"आणि आम्ही पंधरा दिवस गाळ काढला."

"हो."

जावेने पातेलं पालथं घातलं. "गाळ तुझ्या डोक्यात होता, आणि उपसला आम्ही." आतल्या खोलीत भाऊजी कुशीवर वळताना कण्हले. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिने टेप जमिनीवर पसरली, मग खडू घेऊन तीन वर्षांच्या प्रत्येक आकड्यात दोन मिळवत गेली.

"म्हणजे आपण खणलेले चर फुकट?" मागून कुणीतरी विचारलं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मास्तर होते. "चर नसते तर याहून खाली असतं कदाचित," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता.

"टेपबाई, सहा बोअर घेऊन झाल्या. त्या बुजवायच्या का आता?" एकाने विचारलं.

चारही अर्ज परत गेले. सगळ्यांनी एकाआड एक दिवस पंप चालवायचे असं ठरलं; कुरकुर करत ठरलं. तिने पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"हे परत घेऊन काय करू?" मास्तर म्हणाले. "त्यातली वेळ तर बरोबर आहे ना?"

दोघेतिघे हसले. घड्याळ पुन्हा तिच्याच भिंतीवर आलं. त्याची टिकटिक आता तिला दुसऱ्या खोलीतही ऐकू येते.

पंधरा तारखेला ती विहिरीवर गेली, तर जाऊ आधीच काठावर उभी. टेपबाईने नट सोडला. पाण्याला टेकला तसा हात थांबवला, आणि वाकून आकडा बघणार तोच जावेने तिला खांद्याने बाजूला सारलं.

"तू नको," जाऊ म्हणाली. "मी वाचते. तू फक्त लिही."

"बरं, ताई."

"तेरा आणि वर चार बोटं."

टेपबाईने लिहिलं. ओठ सवयीने हलले होते, ते तिने मिटून घेतले.