मामा आणि बिघडलेलं अस्वल

माझ्या बायकोच्या मामांइतका नेटाने नाराज राहणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि आमच्या जिल्ह्यात नाराज माणसांची काही वाण नाही. इथे कुणी तिकीट कापलं म्हणून नाराज असतो, कुणी लग्नात फेटा बांधला नाही म्हणून, तर कुणी स्टेजवर मागची खुर्ची मिळाली म्हणून. लिंबागणेशचे आमचे मामा, एकेकाळचे पंचायत समितीचे सदस्य, एका अस्वलावर नाराज आहेत. हे अस्वल टीव्हीवरच्या कार्टूनमधलं. पूर्वी ते नदीवर नाव चालवायचं. रोज एखादा प्राणी नावेत बसून आपलं रडगाणं सांगायचा. अस्वल वल्हं मारत ऐकून घ्यायचं आणि पलीकडचा काठ आला की एखादंच वाक्य बोलायचं. मालिका चालली तशी बनवणाऱ्यांना दुर्बुद्धी सुचली. अस्वलाला गॉगल आला, नावेला पंख फुटले, परग्रहावरून राक्षस उतरले आणि आवाज बदललेलं ते अस्वल ऊठसूट गाणी म्हणायला लागलं.

"नदीच न्हाई राह्यली ओ जावई!" मामा फोनवर ओरडतात. "आपली बिंदुसरा आटती ते समजतं, पाऊस न्हाई. टीव्हीतली नदी काहून आटली?"

माझं बीडमध्ये टायरचं दुकान आहे. समोर पंक्चर ट्रॅक्टर घेऊन गिऱ्हाईक ताटकळत असतं आणि मी कानाला फोन लावून 'हो ना मामा, फारच झालं' म्हणत असतो. एकदा वैतागून म्हणालो, "मग बघता कशाला?" तर म्हणाले, "पक्ष बिघडला की उडी मारणारातला मी न्हाई." बरं, हे फोनवर भागलं असतं तरी चाललं असतं. शिरूर कासारच्या एका लग्नात पंगत बसली न बसली तोच त्यांनी मला पानावरून उठवलं, कारण अस्वलाची वेळ झाली होती. हातातली जिलबी तशीच टाकून मी गाडी काढली. वाटेत त्यांचं एकच पालुपद, "आज तरी नदी दाखवतील का?" दाखवली नाही. निवडणुकीला उभा राहिलेला एक तरुण पुढारी पाठिंबा मागायला आला, तर त्याला मामांनी आधी पूर्ण भाग बघायला लावला आणि मग विचारलं, "कसा वाटला?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "लई भारी, मामा!" पाठिंबा दुसऱ्याला गेला.

शेवटी त्यांनी डिशवाल्यांच्या तक्रार केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, "सर, चित्र स्पष्ट दिसतंय का?"

"स्पष्ट दिसतंय, म्हणूनच तर फोन केलाय!" मामा गरजले.

त्यांच्याच ओसरीत मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आत चहा टाकत असलेल्या मामी मात्र हसल्या नाहीत. मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका. ते निवडणूक हरले ना, तवा वाड्यावस्त्यांवरून येणारी माणसं एकाएकी यायची बंद झाली. हे दिवसभर ओसरीत बसायचे, एक शब्द बोलायचे न्हाईत. तवा नात इथंच होती, लेक नोकरीला संभाजीनगरला गेलती. नातीनं यांना हाताला धरून टीव्हीपुढं बसवलं. पहिल्यांदा तोंड उघडलं तवा म्हणाले, 'हे अस्वल समोरच्याचं ऐकून घेतंय बघ.' मग दोघं रोज बघायचे."

ती नात आता लातूरला शिकते. यंदा दिवाळीत ती आली होती आणि आम्हीही गेलो होतो. संध्याकाळी मामांनी टीव्ही लावला. अस्वल अंतराळात नाचत होतं. थोडा वेळ बघून पोरगी म्हणाली, "आबा, किती भंगार झालंय हे! दुसरं काहीतरी लावा की."

मला वाटलं, झालं, आता मामांना जोडीदार मिळाली. रात्रभर आपली सुटका नाही. पण मामा पडद्याकडेच बघत राहिले.

"असू दे गं," ते म्हणाले. "त्याच्या हातात काय हाय? नाचवतेत तसं नाचावं लागतंय त्याला."

नातीने त्यांच्याकडे पाहिलं, हातातला मोबाईल बाजूला ठेवला आणि पाय वर घेऊन त्यांच्याजवळ सरकून बसली. ते भयंकर गाणं दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं. मामांनी तोंडातून तक्रारीचा एक शब्द काढला नाही.

भाग संपल्यावर तिने विचारलं, "उद्या पण असतं का हो आबा?"

"असतं की!" मामा घाईघाईने म्हणाले. "उद्याचा तर लई चांगला हाय म्हणतेत."

असं कुणीही म्हटलेलं नव्हतं.