शिवणीतली माया

दुसऱ्याच्या पोरीला कसं जेवायला घालावं हे ज्याला कळत नाही, असं एकही माणूस टेपमास्तरांच्या गल्लीत नव्हतं. मास्तर शिंपी. गळ्यातला टेप बहुधा अंघोळीलाही उतरत नसावा. त्यांची कॉलेजात जाणारी लेक जेवेनाशी झाली, वाळून काडी झाली, तरी आरशात तिला आपण जाडच दिसत होतो. डॉक्टरीणबाईंनी आजार ओळखला, उपचार सुरू केले आणि मास्तरांना पथ्य दिलं: रोज तिच्यासोबत जेवा, पण अन्नाचा नि अंगाचा विषय काढू नका.

गल्लीनं हे हसण्यावारी नेलं. "दोन थोबाडीत द्या, मुकाट गिळेल," असं सांगणारे गृहस्थ स्वतः बायकोनं डोळे वटारल्याशिवाय साधी गोळी गिळत नसत. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," म्हणणाऱ्या काकूंच्या वेळी दातांचे डॉक्टरही नसावेत, हे त्या हसल्या की दिसे.

मास्तर या अकलेच्या कांद्यांचे गुरू निघाले. अंग भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीच्या आत जादा कापड ठेवतो. त्याला माया म्हणतात. लेक बाहेर गेली की मास्तर तिचे कपडे गुपचूप उसवून, माया सोडून ढगळ करून ठेवू लागले. म्हणजे तिला वाटेल आपण बारीक झालो, आणि ती जेवेल! कपडे ढगळ झाले, पोर खूश झाली आणि खात होती तेवढंही तिनं सोडलं.

एके दुपारी तिनं ड्रेस उलटा करून त्यांच्यापुढे टाकला.

"बाबा, जुन्या टाक्यांची भोकं दिसतायत."

"जरा माया सोडली, बाळा."

"माझे डोळे माझ्याशी आधीच खोटं बोलतात. आता तुमची सुईपण?"

कापड आखूड कापूनही 'धुतल्यावर नीट बसेल' असं गिऱ्हाइकाला ऐकवणारे मास्तर या वेळी एवढंच म्हणाले, "चुकलो. पुन्हा नाही."

त्या दिवसापासून ते नुसते समोर बसू लागले. पण कंबर आणि पोट वगळलं तर शिंप्याकडे बोलायला उरतं काय?

"आज वकीलसाहेब आले होते. त्यांचं पो... त्यांची बटणं फार सुंदर!"

जेवणभर बटणं. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, आता चेनवर या." आणि बोलता बोलता ती चार घास खाऊ लागली.

हे सुखानं चाललं असतं, पण आत्या आली. मास्तरांची थोरली बहीण. तोंड उघडायच्या आधी विचार करणं तिला बेअदबी वाटे.

"अगंबाई, गाल वर आले की! कशी छान भरलीस!"

'भरलीस' ऐकताच लेकीचा चमचा थांबला. ताट दूर सरकलं.

मास्तर उठले. "ताई, पिशवी उचल."

"अरे, मी चांगलंच बोलले ना!"

"तेच तर! वाईट बोलली असतीस तर हिनं हसून सोडून दिलं असतं."

"पोरीला डोक्यावर बसवून ठेवलंयस तू!"

"बसू दे. तिचं वजन मला झेपतं!"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. आत्या तणतणत बाहेर पडली आणि दारातच गल्लीला सगळं सांगू लागली. गल्ली अर्थातच माना डोलवत होती.

आत ताट तसंच. मास्तरांनी ते पुढेही सरकवलं नाही, उचललंही नाही. स्वतःचा घासही घेतला नाही. बराच वेळ गेला.

"बाबा, वजन म्हणालात."

"जीभच घसरली."

तिनं भाताला बोट लावून पाहिलं.

"गार झालाय."

"माझाही."

"मग बघत काय बसलात? गरम करून आणा."

मास्तर दोन्ही ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि भरल्या डोळ्यांनी त्यांना शेगडीची काडी पेटवता येईना.