मामांचं हसू

"मुरू द्या," मामा म्हणायचे आणि बरणीचं झाकण पुन्हा घट्ट लावून टाकायचे.

बरणीत लोणचं नसायचं, माणसाचा मेंदू असायचा. फॉर्मॅलिनमध्ये पुरेसा मुरला नाही तर तो सुरीखाली फुटतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मामांच्या बोटांना ते मुळातच ठाऊक होतं. आम्हा नव्या मास्तरांना प्रत्येक गोष्टीची घाई. मामांनी मग तो शब्द सगळ्यालाच लावून टाकला. नोकरीत कायम झाल्याचा कागद येत नव्हता, मुरू द्या. मुलगी बघून आठवडा झाला तरी तिकडून निरोप नव्हता, मुरू द्या. माझं निम्मं तरुणपण त्यांनी बरणीत घालून ठेवलं असं मी त्यांना म्हणायचो, आणि ते हसायचे.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. नातेपुत्याहून येऊन मी सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला लागलो होतो. मामा तिथे प्रयोगशाळेत सहायक, सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. कुंभारीहून सायकलवर यायचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि यंत्रावर मेंदूचे पातळ काप काढताना आकडे मोजायचे तेही कानडीतच. शिक्षण चौथीपर्यंत. पण परीक्षा जवळ आली की पोरं आमच्या खोलीवरून पुढे जाऊन थेट मामांच्या टेबलाशी गर्दी करायची. आम्हाला थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मेंदूतल्या पेशी सगळ्या एका जातीच्या नसतात. काहींचे धागे लांबलचक, पार कण्यात उतरणारे. काही आखूड, शेजारणीशीच बोलणाऱ्या. आणि काही तर निव्वळ दुसरीला गप्प बसवण्यासाठी असतात. चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या स्लाइडमध्ये मामा पोरांना त्या एकेक करून दाखवायचे. लांब धाग्याच्या पेशी म्हणजे टपालवाल्या, गप्प बसवणाऱ्या त्या सासवा. "सासवा नसत्या तर समदं अंग एकदम नाचलं असतं की," असं ते गंभीरपणे सांगायचे, आणि पोरं ते जन्मभर विसरायची नाहीत. मी तासभर फळ्यावर बाण काढून जे सांगायचो ते त्यांना पेपरापुरतंही आठवायचं नाही.

मामांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मधल्या मेंदूतली काळी रेघ. तिथला आडवा काप घेतला की दोन बाजूंना काजळ ओढल्यासारख्या दोन रेघा दिसतात. त्या पेशी मुळातच काळ्या, रंगवाव्या लागत नाहीत. मामा कापावर झुकून म्हणायचे, "हुकूम वरनं सुटतोय. पर ह्या व्हय म्हटल्याबिगर हात हालत न्हाय, पाय उचलत न्हाय." याहून सोपं वाक्य मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आता हसण्याबद्दल सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते त्यासाठीच. माझा पहिला तास होता. शंभर पोरं समोर, आणि मला मेंदूच्या नसांचा क्रम आठवेना. तेवढ्यात मागच्या दारात हातात ट्रे घेऊन मामा उभे दिसले. ते हसले. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे ते हसू जरासं एका बाजूला कलायचं. त्यात चेष्टा नव्हती, नुसतं "चाललंय की, चालू द्या" एवढंच होतं. मी तो तास त्या हसण्यावर काढला. पुढे मला सवयच लागली. तास सुरू करण्याआधी मी दाराकडे बघायचो, आणि मामा काही ना काही निमित्त काढून तिथे असायचे. दुपारी आम्ही त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एकत्र भाकरी खायचो.

मग काही वर्षांनी ते लेबलांचं झालं. स्लाइडवर नाव लिहायचं काम मामांचं, आणि अक्षर मोत्यासारखं. ते हळूहळू बारीक होत गेलं होतं. त्या वर्षी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. स्लाइड डोळ्यांशी धरून बघितली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं की ही नावं मुंग्यांनी वाचायची आहेत का. मी चरफडत बाहेर आलो आणि तो सगळा राग मामांवर काढला. पोरांसमोर त्यांना म्हणालो, "शाई वाचवून घरी नेता का?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. उत्तर दिलं असतं, चिडले असते, तर बरं झालं असतं. ट्रे उचलून सावकाश निघून गेले.

त्यानंतर मामा हसलेले मला दिसले नाहीत. दारात यायचे, उभे राहायचे, पण दगडासारखे. मी रागावलेल्या माणसाचा राग ओळखतो असा माझा समज होता. दोन दिवसांनी माफी मागितली तर म्हणाले, "जाऊ द्या की सर," आणि तेही इतकं खोल आवाजात, की मला वाटलं यांच्या मनातून काही जात नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा घेतला, "बरं झालं" म्हणाले, चेहरा तसाच. मग माझाही अहंकार जागा झाला. एवढं काय वाईट बोललो मी? मी दुपारची भाकरी स्टाफरूममध्ये खायला लागलो. विभागात सगळ्यांचंच मत पडलं होतं की मामांना हल्ली शिंगं फुटलीत, कामात ढिले झालेत, बोललेलं मनावर घेत नाहीत. मी मान डोलवायचो. वर्षभर हे चाललं. तास सुरू करण्याआधी दाराकडे बघायचं मात्र मी सोडलं नव्हतं, आणि दर वेळी तो कोरा चेहरा बघून आत काहीतरी टोचायचं.

पुढच्या वर्षीच्या नव्या वर्गाला मी मधला मेंदू शिकवत होतो. त्या काळ्या पेशी वाळून गेल्या की कंपवात होतो, हे सांगून मी सवयीने लक्षणं मोजत होतो. हालचाल मंद होते. अक्षर बारीक होत जातं. आवाज खोल जातो. चेहरा मुखवट्यासारखा होतो, हसू उमटत नाही. हात थरथरतोच असं नाही, काहींच्या बाबतीत ते उशिरा सुरू होतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. अक्कलकोटकडची होती, कॉलेजात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिने विचारलं, "म्हणजे आपल्या मामांसारखं का सर?"

वर्गात कुणीतरी हसलं. मी खडू खाली ठेवला. ही यादी मी वर्षानुवर्षं पाठ म्हणवून घेत होतो, आणि यादीतला माणूस दारात ट्रे घेऊन उभा असायचा. विभागात आम्ही सहा डॉक्टर होतो. सहाही जणांनी त्याला शिष्ट ठरवलं होतं.

तास अर्धवट सोडून मी प्रयोगशाळेत गेलो. मामा मोरीवर काचा धूत होते. मी त्यांचा हात धरून कोपरात वाकवून बघितला. तो अडखळत, टप्प्याटप्प्याने वाकला. मला काही विचारावं लागलं नाही.

"मला ठाव हाय सर," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. किती जनांच्या त्या रेघा कापल्यात मी. माज्या कशा झाल्या असतील ते दिसतंय मला."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले की सांगितलं असतं तर यंत्र हातातून काढून घेतलं असतं, आणि दुसरं काय येतं मला. मी जवळच्या स्टुलावर बसलो. वर्षभर मनात अडकलेला प्रश्न शेवटी बाहेर पडला. म्हणालो, "मामा, मग तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता?"

"तुमच्यावर?" त्यांनी हातातली काच सावकाश खाली ठेवली. "तुमाला दारातनं बघून मी रोज हसतोय की सर. आत हसतोय. भाईर येत न्हाय."

मी त्यांच्यासमोर रडलो. लाज वाटली नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही पुन्हा एकत्र भाकरी खाल्ली. यंत्र त्यांच्याकडेच राहिलं, लेबलं मी लिहायला लागलो. पुढे सायकल सुटली, मग नोकरी. मुंबईहून नवं औषध मागवता येऊ लागलं होतं. गोळी लागू पडली की तास-दीड तास मामा मोकळे व्हायचे, चालायचे, आणि हसायचे म्हणे. म्हणे, कारण मी ते कधी बघितलं नाही. रविवारी मी कुंभारीला जायचो आणि दर वेळी गोळीचा अंमल उतरलेला असायचा. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, हळहळून सांगायच्या की आत्ता घटकाभरापूर्वी लई हसले, तुमचाच पहिला तास सांगत होते. एकदा मी पहाटेच निघालो, तर त्या दिवशी गोळी लागूच पडली नाही. त्या अर्ध्या दातासाठी मी आसुसलो होतो.

शेवटच्या रविवारी ते बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा स्थिर, नजर माझ्यावर. मी समोर बसलो. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत, थांबत, तो तोंडापर्यंत पोचायला खूप वेळ लागला. त्यांनी एक बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं आणि तो कोपरा वर ढकलला. तसाच धरून ठेवला, मला नीट दिसेपर्यंत.

मला उलट हसता आलं नाही. माझ्या मेंदूत तर काहीच बिघडलं नव्हतं.